गुस्ताव्हो गुतिएरेझ कसे वाचावेत

लिबरेशन थिऑलॉजी, अर्थात मुक्तीचे ईश्वरविज्ञान (गरिबांच्या मुक्तीला श्रद्धेच्या केंद्रस्थानी आणणारा लॅटिन अमेरिकेतील ख्रिस्ती विचार), म्हणजे मार्क्सवादाला घातलेला पाद्र्याचा झगा, असे एकदा कानावर पडले की पुस्तक उघडण्याआधीच निकाल लागून जातो. म्हणून या विचाराचे जनक गुतिएरेझ यांचा अभ्यास वादापासून नव्हे, त्यांच्या लिमा शहरापासून सुरू करावा. १९२८ साली तिथे जन्मलेल्या या पेरूच्या धर्मगुरूने किशोरवयातील काही वर्षे हाडांच्या आजारामुळे अंथरुणावर काढली, आधी वैद्यकाचे शिक्षण घेतले, पुढे युरोपात ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला आणि परतल्यावर लिमातील रिमाक या गरीब भागात सेवा केली.

त्यांचा १९७१ चा मुख्य ग्रंथ (इंग्रजीत ‘A Theology of Liberation’) लगेच हाती घेऊ नये. ईयोबावरचे, म्हणजे बायबलमधील निरपराध असूनही यातना भोगणाऱ्या माणसावरचे, त्यांचे छोटे पुस्तक आधी वाचावे आणि शेजारी मराठी बायबल उघडे ठेवावे. स्वतःच्या दुःखाने व्याकूळ झालेला ईयोब चोविसाव्या अध्यायात इतरांकडे पाहू लागतो: पेंढ्या वाहूनही उपाशी राहणारे, द्राक्षकुंडे तुडवूनही तहानलेले मजूर त्याला दिसतात. निरपराध माणसाच्या यातनांसमोर देवाविषयी बोलावे तरी कसे, हा गुतिएरेझ यांचा खरा प्रश्न या ओळींपाशी जितका स्पष्ट होतो तितका सिद्धान्ताच्या प्रकरणांत होत नाही.

मुख्य ग्रंथाची १९८८ ची सुधारित आवृत्ती मिळवावी, कारण तिला नवी प्रस्तावना आहे आणि वर्गसंघर्षावरचा वादग्रस्त भाग लेखकाने नव्याने लिहिला आहे. गरिबीवरचे शेवटचे प्रकरण आधी वाचले तरी बिघडत नाही, उलट बरेच. तिथे तीन अर्थ वेगळे केले आहेत: भौतिक गरिबी, जी देवाच्या इच्छेविरुद्ध आहे, देवापुढची मनाची दीनता, आणि गरिबांच्या बाजूने उभे राहून त्यांच्या गरिबीचा निषेध म्हणून पत्करलेले साधेपण. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले की पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

त्यानंतरच कार्डिनल रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या अधिपत्याखालील व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने १९८४ साली मुक्तीच्या ईश्वरविज्ञानावर काढलेले टीकात्मक निवेदन वाचावे, आणि १९८६ चे अधिक समतोल निवेदनही सोडू नये. गुतिएरेझ यांचा औपचारिक निषेध व्हॅटिकनने कधीच केला नाही, हे वाचताना ध्यानात असावे. २००४ साली त्यांच्यासोबत पुस्तक लिहिणारे जर्मन बिशप गेर्हार्ड म्युलर २०१२ मध्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले.