नवा नंबर घेताना जुने सिम लगेच बंद करू नये

निपाणी, खानापूर किंवा बेळगाव भागातून नोकरीसाठी कोल्हापूर-पुण्याला जाणारे अनेकजण नवे सिम घेऊन जुन्याचे रिचार्ज तत्काळ थांबवतात. मुळात नंबर बदलण्याची गरज आहे का, हे आधी पाहावे, कारण 2015 पासून कर्नाटकातील नंबर तसाच ठेवून महाराष्ट्र सर्कलमध्ये पोर्ट करता येतो. बदलायचाच असेल, तर दोन सिमच्या फोनमध्ये जुना नंबर काही महिने चालू ठेवून प्रथम आधार केंद्रावर आणि बँकेत नवा नंबर नोंदवावा. अन्यथा ओटीपी जुन्याच नंबरवर जातो आणि केवळ अर्ज देण्यासाठी गावच्या शाखेपर्यंत बसची फेरी पडते. व्हॉट्सॲपमधील ‘नंबर बदला’ या पर्यायामुळे जुने संदेश व गट टिकतात. प्रीपेड सिम सलग 90 दिवस न वापरल्यास बंद होऊ शकते, मात्र शिल्लक 20 रुपये असल्यास ते कापून मुदत 30 दिवसांनी वाढते. बंद पडलेला नंबर कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि मग बँकेचे संदेशही त्याच्याकडेच जातात. मी पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने जुना नंबर जिथे-जिथे दिला होता त्यांची यादी करून एकेक नोंद खोडत गेलो. गॅस, रेशन आठवले, विम्याची पॉलिसी मात्र राहून गेली होती.