हृदयासाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेताय? या चुका टाळा

पन्नाशी ओलांडलेल्या मुंबईकराच्या औषधांच्या डब्यात ब्लडप्रेशरच्या गोळीशेजारी बऱ्याचदा हिरव्या मऊ कॅप्सूलची एक स्ट्रिप दिसते. व्हिटॅमिन ई, ४०० मिलिग्रॅम. हे एक अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या घातक रेणूंना निकामी करणारं द्रव्य. रात्री पायात गोळे येतात म्हणून शेजारच्या काकूंनी सुचवलेली, नाहीतर ‘हार्टलाही चांगली’ म्हणत केमिस्टने काउंटरवरून सरकवलेली. डॉक्टरांची चिठ्ठी नाही आणि किती दिवस घ्यायची तेही ठाऊक नाही. या कॅप्सूलचा हृदयाला उपयोग का होत नाही हे कळायचं, तर आधी हृदयाचा स्नायू स्वतःला कसा वाचवतो ते बघायला हवं.

हा स्नायू दिवसाला साधारण एक लाख वेळा आकुंचन पावतो. त्यासाठी ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया त्याच्या पेशींची जवळजवळ एक तृतीयांश जागा व्यापतात. तिथे ऑक्सिजन वापरला जात असताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं. अशा अस्थिर, आक्रमक रेणूंना रॅडिकल म्हणतात. हे ठणठणीत माणसातही रोज घडतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी, हे एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ते शोधलं. पुढे कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतात. हा टप्पा अडला, तर पेरॉक्साइड मोकळ्या लोहाशी भिडतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो. तो पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याची नासधूस करतो. मायटोकॉन्ड्रियातलं एसओडी मुळातच नसलेले उंदीर १९९५ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले गेले. हृदय फुगून कमजोर झाल्याने ते जन्मानंतर दहाएक दिवसांत मेले.

यातली खरी मेख ग्लुटाथायोनमध्ये आहे, म्हणजे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ज्याच्या मदतीने काम करतं त्या छोट्या रेणूत. काम करताना ते स्वतः ऑक्सिडाइज होतं आणि त्याला परत कामाला लावायला एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू लागतो; त्यातलं बरंचसं पेशी ग्लुकोजच्या एका आडवाटेवरून मिळवते. पावसाळ्यात मुंबईतल्या हिंदमाता भागात रस्त्यावर पाणी साचतं तेव्हा ते पंप चालू राहिले तरच उतरतं, बादल्या घेऊन माणसं उभी केली म्हणून उतरत नाही. व्हिटॅमिन ईचा रेणू असा बादलीवाला आहे: एक-दोन रॅडिकल पकडतो आणि थांबतो, मग व्हिटॅमिन सीने त्याला पुन्हा उभं करायचं. एसओडीचा एक रेणू तेवढ्या वेळात असंख्य वेळा तेच काम करून मोकळा होतो.

गोळी म्हणजे हृदयाचा विमा, असं समजणं

ही समजूत तपासून झालेली आहे, आणि चांगली कसून. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक जोखमीच्या रुग्णांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं गेलं. हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक पडला नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’ने २०,५३६ जणांवर ई, सी आणि बीटा कॅरोटीन असं त्रिकूट पाच वर्षं वापरून पाहिलं. निकाल तोच. गंमत म्हणजे त्याच अभ्यासात त्याच माणसांवर तपासलेल्या स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) गोळीने मात्र स्पष्ट फायदा दाखवला. तरी आपल्याकडे स्टॅटिनची भीती वाटते आणि हिरवी कॅप्सूल आपुलकीची वाटते, याला काय म्हणावं!

‘फायदा नाही तर नाही, नुकसान तर नाही ना?’

ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते. होपमधल्या रुग्णांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला आणि २००५ मध्ये दिसलं की व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर जास्त आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं, तर त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हे १९९४ मध्येच जाहीर झालं होतं. विडी-सिगारेट सुटत नाही म्हणून भरपाईला मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांनी आपल्या गोळीत बीटा कॅरोटीन किती आहे ते लेबलवर जरूर वाचावं.

असं का होतं याचं एक उत्तर असं की पेरॉक्साइड हा निव्वळ कचरा नाही. थोड्या प्रमाणात तो पेशीला निरोप देतो. तो निरोप मिळाला की एनआरएफ२ नावाचं प्रथिन केंद्रकात जातं आणि संरक्षक एन्झाइमांच्या जनुकांना कामाला लावतं. व्यायामाचा फायदा काही अंशी याच वाटेने मिळतो. २००९ मधल्या एका जर्मन अभ्यासात तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. ज्यांनी सोबत १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई घेतलं, त्यांच्यात इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारलाच नाही. ज्यांनी काही घेतलं नाही त्यांच्यात सुधारला. शिवाजी पार्कला घाम गाळून आल्यावर वर या गोळ्या गिळणाऱ्यांनी विचार करावा.

साखर तशीच ठेवून गोळीवर भर देणं

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी चाचणी) नऊच्या घरात आणि हातात अँटिऑक्सिडंटची बाटली, ही जोडी फार दिसते. रक्तातली साखर सतत चढलेली असली की पेशी जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल करायला लागते, आणि त्या कामात एनएडीपीएच खर्च होतं. म्हणजे ज्याच्या जोरावर ग्लुटाथायोन परत उभं राहायचं तेच आटतं. इकडे मायटोकॉन्ड्रियातली गळतीही वाढते. साखर आणि ब्लडप्रेशर ताब्यात आणणं आणि तंबाखू सोडणं (मशेरीही त्यातच आली) याला पर्याय नाही.

खरी कमतरता आणि काल्पनिक कमतरता यांत गल्लत

ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम हे खनिज लागतं. चीनमधल्या केशान भागात मातीतच सेलेनियम कमी होतं आणि तिथे लहान मुलं व तरुण स्त्रिया हृदयाच्या स्नायूच्या आजाराने दगावत; सोडियम सेलेनाइट दिल्यावर तो आजार आटोक्यात आला. तिथे कमतरता खरी होती, म्हणून पूरक गोळीने जीव वाचले. घरात बांगडा, बोंबील, अंडी येत असतील तर सेलेनियमसाठी वेगळी गोळी शोधायचं सहसा कारण नाही. ग्लुटाथायोन शरीर स्वतः तीन अमिनो आम्लांपासून बनवतं. डाळ, दही, अंडी, मासे यांतून ती मिळतात. गोरेपणासाठी त्याच्या ड्रिप लावणारी क्लिनिक आहेत, त्यांचा हृदयाशी काही संबंध नाही.

कोकम आणि आवळा खुशाल खा. फक्त बाटलीतल्या कोकम सरबतात कोकमापेक्षा साखर जास्त असते.

छातीत कळ आल्यावर घरगुती उपाय करत बसणं

बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली की ऑक्सिजन एकदम परत येतो. अडलेल्या काळात मायटोकॉन्ड्रियात सक्सिनेट नावाचं इंधन साठलेलं असतं, ते झपाट्याने जळतं आणि सुपरऑक्साइडचा लोंढा सुटतो. त्यामुळे वाहिनी उघडतानाही स्नायूला इजा होते हे खरं आहे. यावरून ‘अँजिओप्लास्टीनेच हार्ट खराब होतं’ असा निष्कर्ष काढणारे महाभाग भेटतात. वाहिनी बंद राहिली तर त्या भागातला स्नायू मरतोच, आणि जितका उशीर तितका जास्त मरतो. दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं काही झालं, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. ट्रॅफिकचा हिशेब करत ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

डॉक्टरांना न सांगणं

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी जास्त मात्रेचं व्हिटॅमिन ई घेतलं तर रक्तस्राव होऊ शकतो. परळला केमोसाठी जाणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक मायेपोटी अँटिऑक्सिडंट आणून देतात. केमोतलं डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयाला इजा करतं हे त्यांनी ऐकलेलं असतं. ते खरंच आहे, पण त्यावर डेक्सराझोक्सेनसारखं औषध आहे आणि ते कुणाला द्यायचं हे कर्करोगतज्ज्ञ ठरवतात. आपल्या मनाने काही सुरू करू नका.

धाप लागते, मग काय तपासायचं?

दादरचा पूल चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागत असेल, तर पॅकेजमधली ‘टोटल अँटिऑक्सिडंट’ चाचणी करून हाती काही लागत नाही. तो आकडा बघून कुठलाही उपचार ठरत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ईसीजी आणि डॉक्टरांनी सांगितलं तर इको, एवढं करा. पाय सुजत असतील किंवा रात्री आडवं झाल्यावर श्वास लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आणि ती हिरवी स्ट्रिप? फॅटी लिव्हरसाठी किंवा दुसऱ्या कारणाने डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आपल्या मनाने सुरू केली असेल, तर पुढच्या भेटीला ती बाकीच्या औषधांसोबत पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.