निराधारचे पैसे दुसऱ्याच खात्यात तर नाहीत ना?

संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे थांबले, की लगेच तहसीलच्या चकरा सुरू करू नका. आधी आजीची जुनी-नवी सगळी पासबुकं काढून एंट्री मारून घ्या. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यातच जातील असं नाही. आधारशी शेवटी जे खातं सीड झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे जातात. मध्ये कुणी शिबिरात अंगठा घेऊन नवं खातं काढलं असेल (गावोगाव हे चालतंच), तर रक्कम तिथे पडून असू शकते. कोणती बँक जोडलीय ते माय आधार पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. ओटीपीसाठी आधारला मोबाइल मात्र जोडलेला हवा. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा आणि शिक्का मारलेली पोच मागून घ्या.