भिंतीला खेटलेल्या दाराच्या चौकटीवर मोल्डिंग पट्टी बसवताना

चौकटीच्या आतल्या कडेपासून सुमारे 5 मिलिमीटर मागे पेन्सिलीची रेघ मारावी, कारण चौकट आणि भिंत यांचा सांधा झाकणारी ही पट्टी अगदी कडेला आली तर बिजागऱ्या अडतात. रेघेपासून शेजारच्या भिंतीपर्यंतचे अंतर वर, मध्ये आणि खाली असे तिन्हीकडे मोजावे. गिलाव्याची भिंत ओळंब्यात (अगदी सरळ उभी) असेलच, असे गृहीत धरू नये. या मापांप्रमाणे पट्टी उभी चिरताना करवत खुणेच्या किंचित बाहेरून चालवावी, उरलेले रंध्याने काढावे आणि चिरलेली कड भिंतीकडे ठेवावी. हातोडी फिरवायला जागा नसेल, तर जुना रंग घासून फेविकॉल लावावा आणि पट्टी मास्किंग टेपने रात्रभर धरून ठेवावी. भिंतीलगतची फट बरेचजण लांबीने (पुट्टीने) भरतात, पण ती तडकते. अ‍ॅक्रिलिक सीलंट वापरलेले बरे.