कमी वॉटचा प्रोसेसर आणि अंडरव्होल्टिंग: कोकणातल्या घरासाठी या चुका टाळा

दापोली तालुक्यात माझ्या मावशीचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तिच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. त्यानंतर घरात इन्व्हर्टर आला आणि पंखे, दिवे, राउटर यांच्या जोडीला बुकिंगचा कॉम्प्युटरही त्यावर चढला. "अरे, हा चालू राहिला की पहाटेपर्यंत पंखा पुरत नाही," असं ती मला दर पावसाळ्यात सांगायची. तिचं म्हणणं खरं होतं. ३० वॅट वाचले तर तेवढ्यात एक बीएलडीसी (कमी विजेचा) पंखा चालतो. आमच्याकडे झाडाची फांदी तारेवर पडली की रात्र अंधारातच जाते, त्यामुळे हा हिशोब वीजबिलापेक्षा मोठा ठरतो.

तिचा कॉम्प्युटर बदलताना आणि नंतर वाडीतली आणखी काही मशीन लावून देताना ज्या चुका झाल्या किंवा पाहिल्या, त्या इथे लिहितो आहे. अंडरव्होल्टिंग म्हणजे प्रोसेसरला ठरलेल्यापेक्षा थोडं कमी व्होल्टेज देणं.

खोक्यावरचा वॉट म्हणजे प्लगवरचा वॉट नव्हे

इंटेलच्या कोअर आय३-१२१०० वर ६० वॅट लिहिलेलं असतं, पण जोर लावताना तो ८९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आय५-१२४०० चे ६५ वॅट ११७ होतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसायची जागा) ६५ वॅटच्या प्रोसेसरची खरी मर्यादा ८८ वॅट असते. छोट्या पेट्यांमधला इंटेलचा एन१०० कागदावर ६ वॅटचा आहे, पण बरेच उत्पादक त्याला त्याहून जास्त मर्यादा देऊन ठेवतात. म्हणून आधी प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर घ्या. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

मीटरवर बघायचा आकडा मात्र जोर लावतानाचा नाही. बुकिंगचं रजिस्टर, आंब्याच्या पेट्यांची बिलं, ई-सेवा केंद्रातले अर्ज, शाळेची कामं, कुठलंही घ्या. दिवसातला बहुतेक वेळ मशीन नुसतं उघडं असतं आणि माणूस विचार करत असतो किंवा पाहुण्यांशी बोलत असतो. त्या वेळचा वापर, ज्याला आपण आयडल म्हणतो, तोच बॅटरी खातो.

इथेच इंटेलच्या टी मालिकेबद्दलचा (नावाच्या शेवटी टी असलेले कमी वॅटचे प्रोसेसर) मोठा गैरसमज आहे. आय३-१२१००टी वर ३५ वॅट लिहिलंय म्हणून लोक तो शोधत फिरतात, जास्त पैसे देतात किंवा वॉरंटीशिवायचा सुटा माल घेतात. मुळात चिप तीच, फक्त तिची वरची मर्यादा खाली आणलेली. आयडलला साधा आय३-१२१०० आणि टी जवळपास सारखेच. बोर्डच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) पॉवर लिमिट, म्हणजे विजेची वरची मर्यादा, बदलायची सोय असेल तर साध्यालाच ३५ वॅटवर बसवता येतं. जुनं टी-वालं छोटं ऑफिस मशीन स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण ते आटोपशीर असतं आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर छोटा असतो म्हणून.

नावाच्या शेवटचा एफ बघायला विसरू नका. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड लावलं की ते रिकामं बसूनही वीज घेतं. एएमडीत रायझेन ५ ५६०० आणि ५६००जी यांतही हाच फरक आहे, आणि त्यात आणखी एक भर: ५६०० मध्ये कोअरची (हिशोब करणाऱ्या भागांची) चिप वेगळी आणि बाकी जोडणीची वेगळी, तर ५६००जी एकाच तुकड्यात आहे. त्यामुळे आयडलला ५६००जी बराच कमी घेतो. गेमिंग नसेल तर मी डोळे झाकून जी सुचवतो.

"जुनं आहे, म्हणजे कमी खात असेल" हाही समज सोडा. मावशीकडे आधी सेकंडहँड आय५-२४०० होता. २०११ चा, ९५ वॅटचा. रोजच्या कामात आजचा एन१०० त्याच्यापुढे आहे. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

मग एन१०० च का नाही? एका माणसाच्या कामाला तो छान आहे. मेमरीचा चॅनेल (डेटाची वाट) मात्र एकच, आणि बिनपंख्याची पेटी घेतली तर मे महिन्यात कौलाखालच्या खोलीत ती तापून हळू होते. पेटीभोवती हात जाईल एवढी मोकळी जागा ठेवा, टीव्हीच्या मागे कोंबू नका. अंडरव्होल्टिंगची सोय या पेट्यांत बहुधा मिळत नाही.

पॉवर सप्लायचं एकच सांगतो. ३० वॅटच्या मशीनला ६५० वॅटचा सप्लाय लावू नका. इतक्या कमी लोडवर त्याची कार्यक्षमता घसरते, आणि ८० प्लस या कार्यक्षमतेच्या खुणेची साधी प्रमाणपत्रं २० टक्के लोडच्या खालचं काहीच सांगत नाहीत.

व्होल्टेजला हात लावण्याआधी

व्होल्टेज कमी करण्याचा फायदा व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबाने मिळतो. वेग तोच ठेवून १.२० व्होल्टचे १.१० केले तर चालू कामातली वीज सुमारे १६ टक्के घटते. आकडा मोहात पाडणारा आहे, म्हणून लोक थेट तिथेच जातात. पण आधी सोपी आणि बिनधोक कामं करा: विंडोजचा पॉवर प्लॅन बॅलन्स्डवर, बायोसमध्ये सी-स्टेट (रिकामा प्रोसेसर झोपवण्याची सोय) चालू, इंटेलवर पॉवर लिमिट खाली, एएमडीवर इको मोड (तीच मर्यादा खाली आणणारी सोय). ५६००जी अधिकृतपणेच ४५ वॅटवर चालवता येतो. यात मशीन अडकण्याची भीती नाही, आणि बऱ्याच घरांना एवढं पुरतं.

नावाच्या शेवटी के नसलेल्या इंटेलच्या प्रोसेसरवर अंडरव्होल्ट होईल असं धरूनच चालू नका. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षा त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर अनेक ठिकाणी ही सोय कुलूपबंद झाली. थ्रॉटलस्टॉप या व्होल्टेज बदलायच्या प्रोग्राममध्ये लॉक्ड दिसलं तर जुना बायोस शोधून कुलूप फोडायच्या मागे लागू नका. ज्या मशीनवर पाहुण्यांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार आहेत, तिथे तर नाहीच. पॉवर लिमिटवर समाधान माना. तेराव्या-चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप इंटेल असेल तर आधी बायोस अद्ययावत करा. २०२४ मध्ये त्यांतल्या अस्थिरतेच्या दोषावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) उपाय आले, ते आत असायलाच हवेत.

फिक्स्ड नको

हे चुकणारे खूप दिसतात. बायोसमध्ये कोअर व्होल्टेज मॅन्युअल करून १.१० लिहितात. लोडला वापर कमी दिसतो आणि खूश होतात. पण आता रिकामं असतानाही बोर्ड तेवढंच व्होल्टेज देत राहतं, जिथे ते पूर्वी खूप खाली उतरायचं. म्हणजे दिवसभराचा हिशोब उलटाच झाला. ऑफसेट (आपोआप ठरणाऱ्या व्होल्टेजमधून ठरावीक वजा) किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह निवडा. रायझेन ५००० आणि पुढच्यांवर कर्व्ह ऑप्टिमायझर वापरा; त्यात उणे आकडा जितका मोठा, तितकं व्होल्टेज कमी. लोड लाइन कॅलिब्रेशन (जोर पडल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते) ऑटोवरच राहू द्या.

सिनेबेंच पास झालं, म्हणजे झालं?

मावशीच्या ५६००जी वर मी सगळ्या कोअरला उणे ३० दिलं. सिनेबेंच आणि ओसीसीटी या जोर लावणाऱ्या चाचण्या; पहिली तीनदा चालली, दुसरी अर्धा तास चालली, तापमान खाली आलं. मी समाधानाने घरी आलो. तिसऱ्या दिवशी फोन: "काही करत नव्हते रे, नुसता पडवीत उघडा होता, आणि आपोआप बंद होऊन चालू झाला."

कारण असं आहे. सगळे कोअर राबत असताना वेग कमी असतो. एखादाच कोअर हलक्या कामासाठी झटकन उंच वेगाला जातो तेव्हा, किंवा आयडलमधून उठतो तेव्हा, व्होल्टेज अपुरं पडतं. जड चाचणीत हे दिसतच नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाने नोंद सापडली, क्रमांक १८, आणि त्यात कोणत्या कोअरने दगा दिला त्याचा माग लागतो. क्रमांक १९ दिसला तर चूक दुरुस्त झाली, मशीन पडलं नाही, पण तोही इशाराच.

आता मी उणे १० पासून सुरू करतो आणि पाचाच्या पायरीने जातो. सर्वात जलद कोअरला बाकीच्यांपेक्षा कमी उतरवतो, कारण तो मुळातच काठावर असतो. कोअरसायकलर नावाचं साधन एकेक कोअर तपासतं, ते रात्रभर लावतो. मग दोन-तीन दिवस मशीन नुसतं चालू-बंद, स्लीप, आयडल. त्यातला एक दिवस तरी उकाड्याच्या दुपारचा असावा. जानेवारीत चाललेलं मे महिन्यात चालेलच असं नाही. आणि हे सगळं आंब्याच्या किंवा पर्यटनाच्या हंगामात करू नका, आधी बॅकअप घ्या. कमी व्होल्टेजवरचा प्रोसेसर पडण्याआधी चुकीची बेरीजही करू शकतो.

पडतही नाही आणि नोंदही नाही, पण काम मंदावलं? रायझेनमध्ये व्होल्टेज फार उतरलं की घड्याळ (प्रोसेसरच्या वेगाची टिकटिक) आतून ताणलं जातं. स्क्रीनवर ४४०० मेगाहर्ट्झ दिसतात, प्रत्यक्षात कमी मिळतात. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये इफेक्टिव्ह क्लॉक (खरा मिळणारा वेग) बघा आणि आधीचा बेंचमार्क गुण वहीत लिहून ठेवलेला असू द्या. गुण घसरला असेल तर दोन पायऱ्या मागे या.

दोष भलत्याच्या माथी मारू नका

लाईट जाते त्याच क्षणी मशीन रिस्टार्ट होत असेल तर अंडरव्होल्टचा संबंध नाही. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदल करायला त्याला वेळ लागतो, आणि कॉम्प्युटरचा सप्लाय तग धरतो तो काही मिलिसेकंदच. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर करा. मेमरीवर एक्सएमपी (मेमरी जादा वेगाने चालवायची सेटिंग) चालू असेल तर अंडरव्होल्टच्या चाचणीपुरती ती बंद ठेवा, नाहीतर कोण चुकतंय ते कळणार नाही. आणि समुद्राजवळच्या घरात वर्षातून एकदा झाकण उघडून पंखा आणि मेमरीचे दात बघाच. खाऱ्या दमट हवेने तिथे जो थर बसतो, त्यानेही हेच अचानक अडकणं सुरू होतं.

मशीन सुरूच होत नसेल तर घाबरू नका. प्लग काढा, बोर्डवरचं क्लिअर सीमॉस (बायोसची सेटिंग पुसायची सोय) वापरा, किंवा सीआर२०३२ बटण-सेल काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. बायोस मूळ सेटिंगवर येतो. बायोस अपडेट केल्यावरही तुमची सेटिंग पुसली जातात, आणि नव्या आवृत्तीवर जुने आकडे चालतीलच असं नाही, चाचणी पहिल्यापासून.

मावशीचं मशीन आता उणे १५ वर आहे, जलद कोअर उणे १० वर, इको मोड ४५ वॅट. हे आकडे, तारीख आणि मीटरवरचा आयडलचा वॉट मी कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. मागच्या पावसात माझ्याऐवजी तिचा मुलगाच बायोस अपडेट करायला बसला, तेव्हा त्याला मला फोन करावा लागला नाही.