पुस्तक हातात धरवत नसेल तर अशी सुरुवात करा

आयटीआय झालं, टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम, मग कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत लागलो आणि त्यानंतर अकरा वर्षं मी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. आता महिन्याला दोन तरी होतात आणि रात्री अर्धं पान लिहिल्याशिवाय झोप येत नाही. आमच्या मशीन शॉपमधली दोन पोरं सारखी विचारतात की हे कसं जमवलं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

पहिलं काम म्हणजे वाचन नेमकं कुठं अडकलंय ते शोधा. माझं सहावीत अडकलं. उभं राहून धडा वाचायचा होता, एका जोडाक्षराला थांबलो, दोनदा प्रयत्न केला, वर्ग हसला आणि सर म्हणाले बस खाली. एवढंच झालं, पण पुढं कित्येक वर्षं छापील पान समोर आलं की घसा कोरडा पडायचा. घरातले म्हणायचे याला आवड नाही, मीपण तेच धरून चाललो. तुमचं कारण वेगळं असेल, मार्कांचं असेल, कुणाशी तरी केलेल्या तुलनेचं असेल, पण ते एकदा कागदावर लिहा. त्याच्याखाली काल दिवसभरात काय काय वाचलं ते लिहा. माझ्या यादीत जॉबचं ड्रॉइंग होतं, ग्रुपवरचे मेसेज होते, पेपरातलं पेठांच्या फुटबॉलचं अख्खं पान होतं. म्हणजे वाचता येत होतं, रोज वाचतही होतो, भीती फक्त पुस्तकाची होती.

दुसरं, जाड पुस्तकानं सुरुवात करू नका, मग ते कितीही नावाजलेलं असू दे. मला मामांनी मृत्युंजय दिलं होतं, आपल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांचं, 1967 सालचं, आणि मी ते चार वेळा उचलून चार वेळा ठेवलं. पुस्तकाचा दोष नव्हता, माझाही नव्हता, वेळ चुकली होती. तीन वर्षांनी परत घेतलं तेव्हा कळलं की त्यात सहा जण आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात, मग एकाचं बोलणं संपलं की दोन दिवस थांबायचं असं करत करत पूर्ण केलं. तुमच्याकडं असं एखादं पुस्तक पडून असेल तर ते देऊन टाकू नका, कपाटात राहू द्या.

मग सुरुवात कशानं करायची, तर आपल्या बोलण्यात लिहिलेल्या कथांनी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, त्यांच्या कथा घ्या, एका बैठकीत एक होते आणि माणसं अगदी आपल्या गल्लीतली वाटतात. एक कथा संपवून उठलं की अंगात जी हुशारी येते ती दोनशे पानं अर्धवट टाकून येत नाही. त्यानंतर मी आनंद यादवांचं झोंबी घेतलं, कागलचं पोरगं शाळेसाठी कसं झगडतं ते त्यात आहे. 1987 ला आलं आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, पण मला पुरस्काराचं काही माहीत नव्हतं, मी कागल हे नाव बघून उचललं होतं.

आणि मोठ्यानं वाचा. लाज वाटत असेल तर दार लावून, पण मोठ्यानंच. मी आजीला वाचून दाखवायचो, ती शेंगा फोडत बसलेली असायची. एकदा विहिरीतलं पाणी बैलांनी ओढायच्या मोटेचं वाचत होतो, मला मोट म्हणजे काहीतरी कातड्याचं एवढंच माहीत, आजी म्हणाली थांब बाळा, आणि हातातली शेंग खाली ठेवून तिनं सगळी विहीर हवेत काढून दाखवली. बैल धावेवरनं, म्हणजे विहिरीपासच्या उतारावरनं, कसे उतरतात, मोट ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा, आणि पाणी जिथं धाडकन पडतं ते थारोळं, तिथनं पाटात. मी म्हटलं थारोळं म्हणजे रक्ताचं ना? कारण पेपरात तेवढंच वाचलेलं. ती म्हणाली, रक्ताचं कुठलं, पाण्याचं रे. त्या रात्री मी पुढची तीस पानं वाचली, कुणी सांगितलं नव्हतं.

वेळेचं म्हणाल तर पंधरा मिनिटं पुरतात, फक्त फोन दुसऱ्या खोलीत पाहिजे, उशाशी पालथा ठेवला तरी हात जातोच. माझी सेकंड शिफ्ट असली की सकाळी रंकाळ्यावर जाऊन कठड्यावर बसतो, फर्स्टला असलो की जेवण झाल्यावर. तीस पानांत मन लागलं नाही तर पुस्तक परत करायचं, जबरदस्ती नको. त्यासाठीच विकत घ्यायच्या आधी लायब्ररी लावा. आपल्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, एवढी जुनी लायब्ररी गावात असताना मी तिशीनंतर पहिल्यांदा आत गेलो याचं आजही वाईट वाटतं. डिपॉझिट किती, एका वेळी किती पुस्तकं, हे काउंटरवर विचारा, आणि काय वाचू हेही बिनधास्त विचारा.

आता लिहायचं. निबंध डोक्यातनं काढून टाका. मला लिहायला शिकवलं ते शिफ्टच्या रजिस्टरनं. आम्ही जाताना लिहितो, इन्सर्ट (कापायचं टोक) बदलला, बोअर (आतलं भोक) वीस मायक्रॉन प्लस, म्हणजे किंचित मोठा जातोय, दर पाचव्या जॉबला चेक करा. काय झालं, काय दिसलं, पुढच्या माणसाला काय कळायला पाहिजे, बास. घरी वहीतही तसंच लिहायला लागलो. शाहू स्टेडियमला मॅच झाली आणि मित्र शिफ्टला अडकलाय असं समजून त्याच्यासाठी पाच ओळी लिहा, गोल कुणी मारला एवढंच नको, गोल झाल्यावर शेजारचा म्हातारा काय ओरडला तेही लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी पहिले तीन महिने करू नका, आधी ओळ संपू द्या, दुरुस्ती नंतर शांतपणे करता येते. आणि लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचा, जिथं जीभ अडते तिथं वाक्य तोडा.

मध्येच दोन-तीन आठवडे बंद पडतं, दिवाळीत, लग्नसराईत, ओव्हरटाइम लागला की. मी तेव्हा नवीन पुस्तक घेत नाही, आधी वाचलेली एखादी कथाच परत वाचतो आणि गाडी लगेच सुरू होते.

माझ्या वहीची शेवटची पानं आजीच्या शब्दांसाठी ठेवलीत. एक्केचाळीस झालेत. परवा तिला विचारलं अजून कुठले राहिलेत, तर म्हणाली ऊस लागणीचे तू अजून विचारलेच नाहीस, रविवारी बस.