दोन-तीन साउंडकार्ड जोडून ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) करताय? मग या चुका टाळा

पुढचे दोन स्पीकर एका यूएसबी साउंडकार्डला, मागचे दोन दुसऱ्याला, असं जोडून मी पिक्चर लावला तेव्हा सुरुवातीला सगळं झकास होतं, मग वीसेक मिनिटांनी डायलॉग मागून घुमल्यासारखे यायला लागले. केबल बदलल्या, ड्रायव्हर परत टाकले, काही फरक नाही. शेवटी कळलं की बिघाड कशातच नव्हता, माझी समजूतच चुकीची होती.

प्रत्येक कार्डात त्याचा स्वतःचा क्रिस्टल असतो आणि तेच त्याचं घड्याळ. दोन्हीकडे सेटिंग ४८,००० हर्ट्झ असलं तरी दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच चालत नाहीत. समजा दोघांत दहा लाखांत ५० इतका फरक आहे, तर सेकंदाला जेमतेम अडीच सॅम्पल (आवाजाचे बारीक तुकडे, सेकंदाला ४८,०००) मागेपुढे होतात, पण तासाभरात तेच १८० मिलिसेकंद होतात, म्हणजे मागचे स्पीकर उचलून ६० मीटर लांब नेऊन ठेवल्यासारखं.

इथे बहुतेक जण (मीसुद्धा) करतात ती चूक म्हणजे प्लेअरमध्ये डिले (ठरावीक उशीर) टाकून जुळवत बसणं. स्पीकर जवळ-लांब असतील तर डिले बरोबर आहे, पण वाढत जाणाऱ्या फरकाला ठरावीक आकडा कसा पुरणार? त्याला सतत रिसॅम्पलिंग करणारं, म्हणजे एका कार्डाचा वेग दुसऱ्याच्या घड्याळाशी जुळवत राहणारं काहीतरी लागतं. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप या ॲपमध्ये ॲग्रिगेट डिव्हाइस (अनेक कार्डांचं मिळून एक) बनवा, एका कार्डाला क्लॉक सोर्स करा आणि बाकीच्यांना ड्रिफ्ट करेक्शनची टिक द्या. मल्टी-आउटपुट डिव्हाइस घेऊ नका, त्यात सगळीकडे तोच स्टिरिओ जातो. लिनक्सवर आल्सा या साउंड सिस्टिमचं मल्टी प्लगइन चॅनल एकत्र करून देतं पण घड्याळं जुळवत नाही, पल्सऑडिओ या साउंड सर्व्हरचं कम्बाइन-सिंक मात्र फरक मोजून रेट सावरत राहतं. विंडोजमध्ये अशी वेगवेगळी कार्डं मिळून एक मल्टिचॅनल कार्ड करायची सोय मुळातच नाही, आणि असिओफोरऑल (ASIO4ALL) या ड्रायव्हरमध्ये दोन्ही कार्डांवर टिक करता आली तरी त्यांचं घड्याळ एक असावं लागतं, ते कोणी वाचत नाही.

अजून एक, डावा-उजवा स्पीकर दोन वेगळ्या कार्डांवर कधीच टाकू नका. पुढची जोडी एका कार्डावर, मागची जोडी दुसऱ्यावर. मागच्या आवाजात थोडं मागेपुढे झालं तर कान सांभाळून घेतो, पण डाव्या-उजव्यात एक मिलिसेकंदसुद्धा सरकलं की गाणाऱ्याचा आवाज मधून हलून एका बाजूला जातो.

एकसारखी दोन यूएसबी कार्डं घेतली की रीस्टार्टनंतर पुढचं मागे होऊ शकतं, कारण सिस्टिमला दोघांचं नाव एकच दिसतं, म्हणून पोर्टवर चिठ्ठी चिकटवा आणि लिनक्सवर कार्डाच्या नंबरावर विसंबू नका. एक कार्ड ४४.१ किलोहर्ट्झवर आणि दुसरं ४८ वर राहिलंय का तेही बघा. मागच्यासाठी ब्लूटूथ स्पीकर तर नकोच, त्याचा उशीर सहज १००-२०० मिलिसेकंद असतो आणि तो स्थिरही राहत नाही. घुंSS असा आवाज येत असेल तर तो बहुतेक ग्राउंड लूप (अर्थिंगच्या वेगवेगळ्या वाटांमुळे होणारी गुणगुण), सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणून बघा.

आणि हे सगळं करण्याआधी, खरंच सांगतो, मदरबोर्डच्या मागे बघा. हिरवा, काळा, केशरी असे तीन जॅक असतील तर ५.१ तिथेच आहे, हिरवा पुढचा, काळा मागचा, केशरी सेंटर आणि सबवूफर, तिन्ही एकाच घड्याळावर. एचडीएमआयवाला रिसीव्हर असेल तर त्याच एका केबलमधून ८ चॅनलपर्यंत जातं.

तरीही दोन कार्डंच वापरायची असतील तर टेस्ट अशी करा: सगळ्या स्पीकरवर मेट्रोनोमचा टिकटिक आवाज एकदम लावा, बंद न करता तासभर चालू ठेवा आणि मग मधोमध बसून ऐका. एकच टिक ऐकू आली तर जमलं, टि-टिक झाली तर रिसॅम्पलिंग चालू नाहीये, परत सेटिंगमध्ये जा.